मागावरील विद्येला आश्रय कोणाचा ?

गेल्या माघ महिन्यांतील गोष्ट. आमच्या थोरल्या बंधूंच्या नातीचें लग्न ठरलें. घरांत चार कर्त्या बायका असल्या म्हणजे अशा वेळीं जें व्हावयाचें तेंच झालें. कार्यालय, आचारी आणि वाजंत्री यांचा निकाल एका संध्याकाळीं लागला. परंतु मुलीच्या पैठणीचा निकाल पंधरा दिवस लागेना. आमची फुलंब्री छत्रपति संभाजीनगरच्या उत्तरेस, अजिंठ्याच्या रस्त्यावर. पैठण त्या शहराच्या दक्षिणेस, गोदेच्या तीरीं. सकाळीं निघालें तर दिवेलागणीपर्यंत घरीं परत येतां येतें. शेवटीं एके रविवारीं आम्ही सहा माणसें गाडी करून तेथें गेलों आणि एका विणकराच्या घरीं जाऊन बसलों.

धाकट्या सूनबाईंनीं रंग जुळविण्याकरितां स्वतःची पैठणी बरोबर आणली होती. ती दोन वर्षांपूर्वीं शहरांत घेतलेली. विणकरानें आपल्या मागावरची पैठणी तिच्या शेजारीं उलगडली. रंग जवळजवळ तोच, पदरावरचे मोर तसेच, कांठहि तसाच. किंमत मात्र पांचपट. माझा पुतण्या इंजिनियर असून स्वभावानें सरळ आहे. तो घरधन्यादेखतच म्हणाला, "काका, दिसायला दोन्ही सारख्याच, मग हे चौपट जास्त पैसे आपण द्यायचे तरी कशाचे?" विणकर खालीं पाहूं लागला. मला लाज वाटली, पण उत्तरहि सुचलें नाहीं. मुलांच्या प्रश्नांना उत्तरें देण्यांत पस्तीस वर्षें घालविलेल्या माणसास ही गोष्ट भूषणावह नव्हे. आमच्या वहिनींनीं मात्र कांहीं न बोलतां दोन्ही पदर उलटे केले आणि त्याच्यापुढें सारले. सूनबाईंच्या पदराच्या पाठीवर सुट्या धाग्यांचें जाळें लोंबत होतें. दुसऱ्या पदराची सुलट बाजू कोणती आणि उलट कोणती, हें शोधूनहि सांपडेना.

पुतण्या गप्प बसला. तथापि त्याचा प्रश्न माझ्या मनांतून जाईना, कारण तो खोटा नव्हता. उलट बाजू पाहून कपड्याची परीक्षा झाली. पैशांचा हिशेब झाला नव्हता. तो हिशेब करतां करतां जें कांहीं ध्यानांत आलें, आणि त्यांत माझी स्वतःची जी एक जुनी चूक पुन्हां पुढें आली, ती वाचकांपुढें ठेवावी म्हणून हा लेख लिहीत आहें. ज्यांच्या घरीं येत्या वर्षांत मंगलकार्य निघावयाचें आहे त्यांनीं तो अवश्य वाचावा.

प्रथम मागावर काय घडतें तें पाहूं. जकार्डच्या मागावर नक्षी भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांत आधींच बांधून ठेवलेली असते. रंगीत धागा एका कांठापासून दुसऱ्या कांठाकडे धांवतो, आणि नक्षींत जेथें त्याचें काम नसेल तेथें तो पाठीमागें मोकळा राहतो. अस्सल पैठणीच्या पदराची रीत निराळी आहे. तेथें प्रत्येक रंगाची स्वतंत्र लहान कांडी असते. मोराच्या मानेचा निळा धागा मानेपुरताच जातो, शेजारच्या जरीच्या धाग्यांत अडकतो आणि तेथूनच माघारा फिरतो. एका आडव्या ओळींत अशा कित्येक कांड्या हातानें फिरवाव्या लागतात, आणि प्रत्येक वळणावर ताण्याचे धागे मोजावे लागतात. ओळ पुरी झाली कीं फणी ठोकावयाची आणि पुढच्या ओळीस लागावयाचें. म्हणूनच पाठपोट एक दिसतें. साध्या पदराच्या पैठणीस महिना-दीड महिना पुरतो; पदर भरजरी असेल तर वर्ष-दीड वर्षहि लागतें.

आतां एक त्रैराशिकाहून सोपें गणित मांडूं. आंकडे केवळ उदाहरणापुरते आहेत. समजा, एका पैठणीस तीन महिने लागले आणि ती ४५,००० रुपयांस विकली गेली. रेशीम बहुतेक कर्नाटकांतून येतें, जर सुरतेहून येते. त्यांचे व रंगाचे १२,००० रुपये धरूं. व्यापाऱ्याचे १०,००० धरूं. राहिले २३,०००. मागावर एक माणूस बसतें. कांड्या भरणें, तुटले धागे सांधणें यांसाठीं घरांतील दुसरें माणूस लागतें. नव्वद दिवस आणि दोन माणसें यांनीं भागलें असतां दरडोई दररोज सुमारें १२८ रुपये पडतात. रेशमाचे पैसे मात्र आधीं मोजावे लागतात आणि साडीचे पैसे शेवटीं मिळतात. मधल्या तीन महिन्यांचा किराणा कोठून आणावयाचा हें या गणितांत धरलेलेंच नाहीं. सन २०१९-२० मध्यें देशांतील हातमागांची चौथी गणना झाली. तींत विणकर व त्यांचे साहाय्यक मिळून ३५ लक्ष २२ हजार माणसें मोजलीं गेलीं, आणि त्यांच्यांतील सुमारें दोन-तृतीयांश कुटुंबांची मासिक प्राप्ति ५,००० रुपयांच्या आंत असल्याचें आढळलें. माझें गणित फार चुकलेलें नाहीं, हें त्यावरून दिसेल.

आतां ती जुनी चूक. नोकरीच्या आरंभीं कांहीं वर्षें मी पैठण तालुक्यांतील एका शाळेंत मराठी व संस्कृत शिकवीत होतों. आठवीच्या वर्गांत एका विणकराचा मुलगा होता. तोंडी हिशेबांत त्याचा हात धरणारा वर्गांत कोणी नव्हता, परंतु तिसऱ्या तासास त्याला डुलकी आल्याशिवाय राहत नसे. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, तो रात्रीं उशीरापर्यंत बापाजवळ बसून कांड्या भरतो. एके दिवशीं मी त्याच्या घरीं गेलों. बाप खड्ड्याच्या मागावर, पाय खड्ड्यांत सोडून बसला होता. मीं त्याला अधिकारवाणीनें सांगितलें कीं, मुलगा हुशार आहे, त्याला मागावरून उठवा, त्याचें आयुष्य या खड्ड्यांत घालवूं नका. त्यानें सर्व ऐकून घेतलें, मला चहा दिला, आणि मग म्हणाला, "मास्तर, तुम्ही म्हणतां तर उठवतों. पण मग हें मी शिकवूं कुणाला ?" मला तो अडाणी माणसाचा हट्ट वाटला. मीं उत्तर दिलें नाहीं.

मुलगा मागावरून उठला, शिकला आणि शहराजवळच्या औद्योगिक वसाहतींत एका कारखान्यांत नोकरीस लागला. पुढें कित्येक वर्षें मी ही हकीकत प्रत्येक नव्या वर्गास मोठ्या अभिमानानें सांगत असें. आठ वर्षांपूर्वीं तो मला बसस्थानकावर भेटला. तेथल्या तेथें वांकून त्यानें नमस्कार केला. वडील वारल्याचें आणि माग मोडून लांकूड विकल्याचें त्यानें सांगितलें. मीं समाधानाकरितां म्हटलें, "तूं वेळेवर बाहेर पडलास हें बरें झालें." त्यावर तो म्हणाला, "गुरुजी, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाहीं. नीट शिकायला पांच वर्षं लागलीं असतीं. त्या पांच वर्षांत घरांत खाणारं तोंड होतंच, मिळकत कांहीं वाढली नसती. कारखान्यांत पहिल्या महिन्यापासून पगार मिळाला. पण आबांच्या डोक्यांत त्या मोरांचा सगळा हिशेब होता. तो आतां कुठं लिहिलेला नाहीं."

गाडी सुटली आणि मी बांकावर बसून राहिलों. मी स्वतः पाठशाळेंत सहा वर्षें संस्कृत शिकलों. रूपावली पाठ करतांना माझ्या वडिलांनीं मला कधीं विचारलें नाहीं कीं, यांतून महिन्याकांठीं काय मिळतें. माझ्या आजोबांच्या पिढींत तर गरिबाच्या मुलाकरितां गांवांत सोय असे. तो सात घरीं वार लावून जेवे. सोमवार जोशांकडे, मंगळवार कुळकर्ण्यांकडे, असे सात दिवस सात घरें वांटून घेत, आणि मुलगा निश्चिंतपणें शिके. त्या घरांना मुलाकडून परतफेडीची अपेक्षा नसे. विद्या पदरांत पडेपर्यंत विद्यार्थ्याच्या पोटाची जबाबदारी कोणीतरी घेतली पाहिजे, एवढें आपल्या वाडवडिलांस पुरतें समजलेलें होतें. ताण्याचे हजारों धागे ध्यानांत ठेवून मोर उठविणें हीहि विद्याच आहे, आणि तिलाहि विद्यार्थिदशा असते, एवढेंच त्यांस व मला सुचलें नाहीं. मला तो केवळ खड्डा दिसला.

पूर्वीं ही जबाबदारी कोण घेत असे ? येथें आपल्या प्रांताचा इतिहास पाहण्यासारखा आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा एक लेख आहे. तो सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींचा. उषवदातानें भिक्षूंच्या वस्त्रांकरितां ३,००० कार्षापणें कायमची ठेव म्हणून ठेविलीं. कोणाकडे ? गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे. एका श्रेणीकडे २,००० कार्षापणें दरमहा शेंकडा एक या व्याजानें, आणि दुसरीकडे १,००० शेंकडा पाऊण या व्याजानें. पहिल्या ठेवीचें व्याज वर्षास २४० होतें, आणि वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापणें देण्यास तें बरोबर पुरतें. हिशेब चोख आहे. परंतु हिशेबाहून मला नवल वाटतें तें राजपुरुषाच्या विश्वासाचें. विणकरांची संस्था त्याच्या दृष्टीनें आजच्या बँकेच्या जागीं होती. माळव्यांतील दशपुर म्हणजे आजचें मंदसोर. तेथील रेशीम विणणाऱ्यांच्या श्रेणीनें इसवी सन ४३७ मध्यें स्वतःच्या द्रव्यानें सूर्यमंदिर बांधलें आणि ४७३ मध्यें त्याचा जीर्णोद्धार केला, असें तेथील शिलालेख सांगतो. ज्यांच्याकडे ठेवी ठेवीत आणि जे देवालयें बांधीत, त्यांच्याच व्यवसायबंधूंना आज एका साडीच्या रेशमाकरितां सावकाराच्या उंबऱ्याशीं बसावें लागतें.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सूत्राध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्याचें एक प्रकरण आहे. सूत किती बारीक व किती चांगलें, तें पाहून वेतन ठरवावें. घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांकडे दासी पाठवून सन्मानपूर्वक काम द्यावें. सणावारीं कामकऱ्यांस देणग्या देऊन त्यांचा उत्साह वाढवावा. इतकी बारीक तजवीज तेथें आहे. त्यांतील एक नियम तर प्रत्येक कचेरीच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे. वेतन देण्यास कालापव्यय करणाऱ्यास तेथें दंड सांगितला आहे. कारागिराचें पोट तारखेवर चालतें, हें त्या कठोर राजनीतिज्ञानेंहि ओळखलें होतें.

आमच्या भागापुरतें पाहिलें तर अलीकडच्या काळांत हा आश्रय दरबाराचा होता. सन १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानें दिल्लीहून देवगिरीस राजधानी हलविली, तेव्हां आलेल्या कारागिरांनीं हिमरूची कला येथें आणली अशी परंपरागत समजूत आहे. किनखाप केवळ श्रीमंतांस परवडे. त्याची शोभा सूत व रेशीम यांच्या मिश्रणानें साधण्याची युक्ति म्हणजे हिमरू. जुन्या हिमरूच्या मागावर एक माणूस खालीं विणावयास बसे आणि दुसरा वर बसून नक्षीच्या दोऱ्या ओढी. हैदराबाद संस्थानच्या दरबारांत हिमरूच्या शेरवान्यांचा मान मोठा, आणि पैठणीसहि त्या दरबाराची मागणी असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली. आम्हांस स्वातंत्र्य लाभलें, आणि त्याचा आनंद आमच्या घरांत अजून सांगितला जातो. माझ्या आजोबांची त्या अमलांतील मामुली कारकुनी. त्यांची एक हिमरूची शाल आमच्या पेटींत आहे. परंतु राजवाड्याबरोबर त्याचें गिऱ्हाईकहि गेलें, आणि त्या गिऱ्हाइकावर पोसलेल्या मागांची काळजी पुढें कोणी वाहावयाची, हा प्रश्न राहूनच गेला.

लोकशाही सरकारनें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. सन १९५२ मध्यें अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळ स्थापन झालें, आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनीं त्याची धुरा वाहतांना देशभर हिंडून मरणोन्मुख कलांस हात दिला. महाराष्ट्राच्या लघुउद्योग विकास महामंडळानें पैठणास पैठणीचें केंद्र चालवून तेथील मागांचा आवाज पुन्हां वाढविला. सन १९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्याखालीं पैठणीच्या नांवाची नोंद झालेली आहे. राज्याच्या २०२३ ते २०२८ च्या वस्त्रोद्योग धोरणांत पैठणी, हिमरू, करवत काठी, घोंगडी आणि खण या पांच वस्त्रांच्या विणकरांकरितां गणेशोत्सवांत पुरुषास १०,००० व स्त्रीस १५,००० रुपये वार्षिक उत्सवभत्ता ठरविला आहे. कौटिल्यास हें वाचून संतोष वाटला असता. १७ सप्टेंबर २०२३ रोजीं केंद्र सरकारनें विश्वकर्मा योजना सुरू केली. तींत सुतार, लोहार, कुंभार आदि अठरा व्यवसायांस प्रशिक्षण, हत्यारांसाठीं १५,००० रुपयांचें साहाय्य, तसेंच तारणावांचून प्रथम एक लक्ष व पुढें दोन लक्षांचें कर्ज पांच टक्के व्याजानें मिळतें. मात्र त्या अठरांत मागावरचा विणकर नाहीं. त्याचें खातें निराळें, योजना निराळ्या.

या सर्वांतून एक गोष्ट निसटते. भत्ता मिळतो तो विणकर झालेल्यास. पुरस्कार मिळतो तो केस पिकलेल्यास. कर्ज मिळतें तें धंदा उभा असलेल्यास. जो अजून विणकर झालेला नाहीं, ज्याची बोटें कांडीवर अडखळतात, ज्यानें विणलेली पहिली चार वस्त्रें विकण्यासारखीं नसतात, त्याच्या त्या तीन-चार वर्षांचा धनी कोणीच नाहीं. विश्वकर्मा योजनेंत मूळ प्रशिक्षण पांच ते सात दिवसांचें आहे आणि त्या काळांत रोज ५०० रुपये विद्यावेतन मिळतें. कुशल कारागिरास नवें हत्यार समजावून देण्यास तेवढे दिवस पुरत असतील. पैठणीचा पदर त्या मापानें शिकतां येत नाहीं. माझा विद्यार्थी मागावरून उठला तो ह्याच जागेवरून.

जपानांत या जागेवरच बोट ठेवलेलें आहे. तेथें सन १९५० मध्यें सांस्कृतिक ठेव्यांच्या रक्षणाचा कायदा झाला आणि १९५४ मध्यें त्यांत सुधारणा झाली. त्यान्वयें विणकाम, कुंभारकाम, लाखकाम इत्यादि कलांतील श्रेष्ठ कारागिरांस राष्ट्राची अमूल्य विद्या धारण करणारे म्हणून मान्यता देतात. अशा कारागिरास दरवर्षीं २० लक्ष येन मिळतात. ते त्याच्या गौरवापुरते नसून स्वतःची कला वाढविण्याकरितां आणि शिष्य तयार करण्याकरितां असतात. अशी तजवीज आपल्याकडे व्हावी : गुरूस मानधन, शिष्यास निदान तीन वर्षें विद्यावेतन, आणि तें ठरल्या तारखेस. येथें कोणी विचारील कीं, कोष्ट्याच्या, साळ्याच्या वा मोमिनाच्या मुलानें मागावरच बसावें असें तुमचें म्हणणें आहे काय ? मुळींच नाहीं. मीं त्या मुलास शाळेंत बसविलें याचा मला पश्चात्ताप नाहीं. दोन्ही वाटा उघड्या असाव्यात, आणि मागाची वाट उपाशीपोटीं चालावी लागूं नये, एवढाच आग्रह आहे. मग जो आवडीनें येईल तो शिकेल. त्याची जात कोणती किंवा तो मुलगा कीं मुलगी हें पाहण्याचें कारण नाहीं. चौथ्या गणनेप्रमाणें हातमागावरील दर दहा माणसांत सातांहून अधिक स्त्रियाच आहेत.

सरकारनें करावयाचें तें सरकारकडे मागूं. पण आपल्या घरांत काय करतां येईल ? एकत्र कुटुंबांतील एका लग्नांत आहेराच्या साड्या किती येतात त्या मोजून पाहाव्या. आमच्या घरीं मागच्या लग्नांतल्या चौतीस निघाल्या. त्यांतील सहा नेसल्या गेल्या. बाकीच्या याच्या त्याच्या लग्नांत पुढें सरकण्याची वाट पाहत कपाटांत बसल्या आहेत. हीच रक्कम पांच-सहा नातलगांनीं एकत्र केली तर एक हातची पैठणी किंवा चार हिमरूच्या शाली येतात. ज्यांस तेवढें झेपत नाहीं त्यांनीं लहान वस्तु घ्यावी. हिमरूचा एक गळपट्टा घेतला तरी त्या मागाचा एक दिवस चालतो. दुसरें, मागणी आधीं द्यावी. मुलगी विशींत आली कीं दागिन्यांची तजवीज आपण सुरू करतोंच. पैठणीहि वर्ष आधीं सांगावी आणि पैसे तीन हप्त्यांनीं द्यावे : पहिला रेशमाच्या वेळीं, दुसरा पदर लागतांना, तिसरा साडी हातीं आल्यावर. यानें विणकराचें सावकारी व्याज वांचतें आणि आपल्यावरहि एकदम भार पडत नाहीं. तिसरें, विकत घेतांना पदर उलटा करून पाहण्यास घरांतील मुलींना व सुनांना शिकवावें. यंत्रावरची साडी घेण्यांत कमीपणा नाहीं. सर्वांस हातची परवडणार नाहीं. परंतु यंत्रावरची हातची म्हणून आपल्या गळ्यांत पडूं नये, कारण तसें झालें कीं त्या फसवणुकीचा दंड मागावर बसलेला माणूस भरतो.

त्या रविवारीं पुढें काय झालें तें सांगून पुरें करतों. लग्न वैशाखांत, आणि मनासारखा पदर त्या आधीं पुरा होणें शक्य नव्हतें. घरांत पुन्हां वाद झाला. शेवटीं नवरी मुलगीच म्हणाली कीं, लग्नांत मी मोठ्या आजीची जुनी पैठणी नेसेन, आणि नवी दिवाळसणाला घ्या. व्याही मंडळी काय म्हणतील याची वहिनींना काळजी होती. परंतु विहीणबाईंनीं त्या जुन्या पदरावर हात फिरवीत अर्धा तास चौकशी केली, आणि काळजी मिटली. पहिला हप्ता माघांतच दिला होता. दुसरा देण्यास मी व पुतण्या ज्येष्ठांत पुन्हां पैठणास गेलों.

त्या वेळीं मागाजवळ शेजारची एक अठरा वर्षांची मुलगी कांड्या घेऊन बसली होती. एक वर्ष झालें ती शिकत आहे. साध्या कांठापर्यंत हात आला आहे, मोर अजून दोन वर्षें तरी दूर आहेत. आईच्या मनांत तिला शहरांतील एका दुकानांत लावावयाचें आहे, कारण तेथें पगार सुरू होतो. विणकर म्हणाला, "पोर चांगली आहे. पण मी तिला थांब तरी कशाच्या जोरावर म्हणूं ?" कित्येक वर्षांपूर्वींचा तोच प्रश्न दुसऱ्या माणसाच्या तोंडून आला होता. या वेळीं मला गप्प बसवेना. परंतु माझ्या आधीं पुतण्याच बोलला. गाडींत परत येतांना त्यानें मला वार लावून जेवण्याची पद्धत पुन्हां एकदां समजावून सांगण्यास सांगितलें, आणि घरीं येईपर्यंत बोटांवर घरें मोजलीं : आमचें एक, त्याच्या मामांचें एक, व्याह्यांचें एक, अशीं सात.

सात घरांनीं दरमहा ७०० रुपये द्यावयाचे. ४,९०० रुपये महिन्याच्या पहिल्या तारखेस मुलीच्या बँकेंतील खात्यावर जमा करावयाचे. प्रथम एक वर्ष, आणि तिची इच्छा असल्यास पुढें आणखी. बदल्यांत कांहीं मागावयाचें नाहीं. आषाढापासून हें सुरू झालें आहे. दुकानांतला पगार यापेक्षां अधिक आहे, आणि आईचें मन अजून पुरतें वळलेलें नाहीं. दुसऱ्याच महिन्यास एका घरानें अडचण सांगितली, म्हणून सध्यां आमच्याकडे दोन वार आहेत. मुलगी वर्ष टिकेल कीं नाहीं हें मी सांगूं शकत नाहीं. वाचकांपैकीं कोणाच्या गांवीं असा एखादा माग असेल, किंवा खुलताबादच्या वाटेवरील कागजीपुऱ्यासारखी हातकागदाची एखादी वस्ती असेल, तर तेथें जाऊन एवढेंच विचारावें कीं, येथें सध्यां शिकत कोण आहे, आणि त्याच्या जेवणाचें काय. आमच्या दोन वारांपैकीं एक घेण्यास कोणी तयार असेल, तर त्याचेंहि स्वागत आहे.